अडतीस अंशांपर्यंत त्रास नाही

उर्वी सत्तेचाळीस दिवसांची होती. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि आमच्या खोलीतलं शीतयंत्र थांबलं.

बिघडलं नव्हतं. दिवा हिरवाच होता. नुसती आतली बारीक घरघर मिटली आणि समोरच्या पट्टीवर अक्षरं सरकत गेली : ‘आपलं घर आता भार सोडत आहे. आभार.’ त्याच क्षणी छताचा पंखा चारवरून दोनवर आला आणि स्वयंपाकघरात फ्रिज गप्प झाला. तिन्ही नवीन, तिन्ही एकमेकांशी बोलणारी.

मी वहीत लिहिलं : १.१०, खोली २८. उर्वी झाल्यापासून मी सगळंच लिहिते. किती वाजता प्यायली, किती वेळा शू केली, खोली किती तापली. आई म्हणते, घरात लेक झाली का प्रयोगशाळा उघडली?

“थांबलं वाटते,” आई दारातून म्हणाली. “होईन सुरू. कालही दहा मिन्टांत झालं होतं.”

काल बाहेर चव्वेचाळीस होतं. आज अकोल्यात सत्तेचाळीस होतं आणि दुपार अजून चढायची होती.

हे यंत्र घरात आणायचा हट्ट माझा. फेब्रुवारीत मी पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा बैठकीच्या खिडकीत बाबांचा कूलर होता. जस्ताच्या पत्र्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बाबा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचे, त्यामुळे फॅनची मोटर त्यांनी स्वतः निवडून बसवलेली. दर मार्चमध्ये वाळ्याच्या नव्या ताट्या, पंपाला नवी वायर, फॅनला तेलाचे दोन थेंब. फ्रिज त्याच्याहूनही म्हातारा, दाराचं रबर तीनदा बदललेला. दोघं कधी अडले नाहीत. पण कूलर दिवसाला साठ लिटर पाणी प्यायचा आणि आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा. त्याच्या आवाजात तान्हं बाळ झोपणार कसं, त्या ओल्या हवेत त्याला सर्दी झाली तर काय, असं रोज एक कारण मी शोधून काढत होते. ‘समभार’ योजनेचे लोक जुनी यंत्रं घेऊन जायचे आणि नवी बसवून द्यायचे. आमच्या ओळीत आमचंच घर उरलं होतं.

“बाबा, किती दिवस त्या डब्याला कवटाळून बसणार?”

“डबा नको म्हणू वं त्याले. बटन दाबलं का चालू, बटन दाबलं का बंद. तेवढंच कळते बिचाऱ्याले.”

“म्हणूनच म्हणते ना. नवं यंत्र स्वतः शिकतं.”

“काय शिकते?”

“आपल्या सवयी.”

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आपल्या सवयी कोणी शिकाव्या अशा हायेत का पण?”

आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला.

समभाराची कल्पना तशी सुंदर आहे. मी संख्याशास्त्राची पदवीधर, त्यामुळे नियमपुस्तिका दोनदा वाचली होती. वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मागणी वाढली की तारांमधल्या विजेचा ठेका, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, जरासा मंदावतो. फार मंदावला तर वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला एकामागून एक सुटी होतात आणि अख्खा विभाग बंद पडतो. ते टाळायला पूर्वी लोडशेडिंग असायचं. गावंच्या गावं चार-चार तास विजेविना बसवून ठेवायचे. नव्या यंत्रांना तो ठेका ऐकू येतो. तो ढळला की एका डीपीवरची, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरची घरं, आमच्या डीपीवर चौदा आहेत, आपसात ठरवतात की आता कोणी थांबायचं. म्हणजे यंत्रं ठरवतात. ज्या घराला थांबल्याचा त्रास सगळ्यात कमी, ते घर आधी थांबतं.

त्रास कमी की जास्त, हे विचारत नाहीत. विचारलं की माणसं वाढवून सांगतात. यंत्र नुसतं बघत राहतं : खोली किती तापली की या घरातला हात बटणाकडे जातो, गारवा आला की किती लवकर बंद करतात, ‘त्रास होतोय’ हे बटण किती वेळा दाबतात. त्यातून घराचा एक आकडा तयार होतो. सहनांक.

पुस्तिका वाचताना मला वाटलं होतं, किती न्याय्य आहे हे.

उर्वी मार्चच्या शेवटी झाली. आणि मग आमच्याकडे जे होतं ते सुरू झालं. सव्वा महिना बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. माझे कान बांधलेले, खिडक्या बंद, सकाळ-संध्याकाळ शेकशेगडी, ओव्याची धुरी. बाहेर त्रेचाळीस आणि भिंतीवर कोरं करकरीत यंत्र, त्याच्यावर आईनं घातलेला क्रोशाचा रुमाल.

“आई, डॉक्टर म्हणाले गार ठेवा खोली.”

“डॉक्टरले काय जाते सांगाले? उद्या सांधे धरतीन तुह्ये तवा तो येईन का शेकाले?”

मी भांडले. एकदा, दोनदा. मग अंगात जोर राहिला नाही. पंखा एकवर ठेवायला आई तयार झाली, तेवढ्यावर आम्ही समेट केला. दुपारी खोली सदतीसला जायची, कधी अडतीसला. उर्वीला घामोळं आलं, तिला मी ओल्या फडक्यानं पुसत बसायचे. सव्वा महिना कोणीही बटण दाबलं नाही.

त्या रुमालाखालून यंत्र बघत होतं. खोलीत माणसं आहेत, खोली अडतीस आहे, हात हलत नाही. चाळीस दिवस, चाळीस पुरावे. आणि त्याआधी बाबा होतेच, यंत्र सुरू करून दहाव्या मिनिटाला “आला ना गारवा?” म्हणून बंद करणारे. एप्रिलअखेर बाबांच्या फोनवर संदेश आला : आपलं घर या डीपीवर पहिलं. आदर्श घर. बाबांनी तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले.

मीही अंगठा टाकला होता.

१.४०. खोली ३३.

मी ‘त्रास होतोय’ दाबलं. पट्टीवर अक्षरं आली : ‘नोंद घेतली. आपल्या घराला अडतीस अंशांपर्यंत त्रास होत नाही, असा अनुभव आहे. नवी नोंद सात दिवसांच्या सरासरीत धरली जाईल. अडतीस अंशांवर यंत्र आपोआप सुरू होईल.’

“हे काय बोलते?” बाबा चष्मा शोधत आले.

मी वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली. “मंग होईनच ना सुरू. किती राह्यलं? पाच अंश.”

म्हणजे यंत्र सुरू व्हावं म्हणून खोली तापायची वाट बघायची होती.

तान्ह्या बाळांच्या घरांना सवलत असते, ते मला आठवलं. फोनवर आमचा अर्ज उघडला. ‘घरात सहा वर्षांखालील मूल : नाही.’ फेब्रुवारीत बाबा तिथे ‘होणार आहे’ असं लिहीत होते, तेव्हा आईनं त्यांचा हात धरला होता. पोटातल्या लेकराचं कुठं लिहीत नसतात. मी आता ‘हो’ केलं, जन्माचा दाखला जोडला. उत्तर लगेच आलं. पडताळणी तीन दिवसांत.

२.०५. खोली ३६.

उर्वी किरकिरत होती ती थांबली. मी तिला पाजायला घेतलं. तिनं दोनदा ओढलं आणि तोंड सोडून दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. गाल लाल, अंग कोरडं. घाम नाही. आईनं ओली चादर दारावर टाकली होती, ती वाळून कडक झाली होती.

“निजली वाटते,” आई म्हणाली.

“निजली नाही, आई.”

मी तिच्या टाळूवरून बोट फिरवलं. रोज फिरवते. आज तिथे वाटीसारखा खळगा लागला.

पुण्याला नवऱ्याला फोन केला नाही. तो तिथून काय करणार होता? डॉक्टरांना केला. ते एका दमात बोलले, मागे पेशंटांचा गलका होता. “आधी थंड खोलीत न्या. ओल्या फडक्यानं पुसत राहा, पाजत राहा. अर्ध्या तासात नीट प्यायली नाही तर सरळ घेऊन या. पण आत्ता ऑटोत बसवून सहा किलोमीटर आणू नका, बाहेरचं ऊन वाईट आहे. थंड खोली, समजलं?”

२.१०. खोली ३६.६.

“बाबा, आता?”

बाबा यंत्रासमोर हात मागे बांधून उभे होते, वर्गात फळ्यापुढे उभे राहायचे तसे. मग स्वयंपाकघरात गेले आणि स्टीलच्या ग्लासात कढत पाणी घेऊन आले.

“त्याले अडतीस पाह्यजे ना?” ते स्टुलावर चढत म्हणाले. “देतो त्याले अडतीस.”

यंत्राच्या खालच्या कडेला तापमान मोजणारी जाळी असते. बाबांनी ग्लास तिच्याजवळ धरला. पाणी मनगटावर सांडत होतं, ते हलले नाहीत. पट्टीवर आकडा चढला. ३७.१. ३७.७. ३८.

घरघर सुरू झाली. गार झोत थेट माझ्या तोंडावर आला. मी उर्वीला वर धरलं, देवासमोर धरतात तसं.

“पाहा!” बाबा स्टुलावरून म्हणाले. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, त्या एका शब्दात सगळी पस्तीस वर्षं होती.

पुरतं मिनिटही झालं नव्हतं. ‘पंखा, फ्रिज आणि शीतयंत्र यांच्या तापमानाच्या नोंदी जुळत नाहीत. सुरक्षेसाठी स्वयंतपासणी : पंचेचाळीस मिनिटं.’ झोत थांबला. मग वर बघितलं तर पंखाही थांबत होता. पाती एक-एक दिसायला लागली.

बाबा स्टुलावरून उतरले तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

“गुल्हाने काकूंकडे जाऊ,” मी म्हणाले. समोरच्या ओळीत, सहा नंबर. तिथलं यंत्र चालू होतं. बाहेरच्या भागातला गरम हवा फेकणारा पंखा फिरताना खिडकीतून दिसत होता.

“आता? दुपारच्या वक्ती?” आई. “झोपले असतीन ते लोकं.”

“पाच-दहा मिन्टं पाहू का?” बाबा. “उगीच त्याइले तरास.”

आणि मी? मीही दाराशी थांबले होते. उर्वी माझ्या हातात ओल्या कापडासारखी लोंबत होती आणि मी विचार करत होते की केस विंचरावे का. मनात म्हणत होते, आणखी एक मिनिट बघू. आमच्या यंत्रानं काही चुकीचं शिकलेलं नव्हतं. ते आम्हाला अगदी बरोबर ओळखून होतं.

मी पायात काही न घालता बाहेर पडले.

चाळीस पावलांचा रस्ता. डांबर तळव्याला चिकटत होतं. उर्वीवर ओला पंचा टाकला होता, तो गुल्हान्यांच्या पायरीपर्यंत कोमट झाला. मी दारावर बुक्की मारली, बेल मारायचं सुचलंच नाही.

गुल्हाने काकूंची आमच्या घरात थट्टा चालायची. जास्त मीठ, कमी मीठ, कचऱ्याची गाडी उशिरा, पोस्टमन उद्धट. काकूंना सगळ्याचा त्रास. समभाराचं बटण त्या येता-जाता दाबतात, असं आई सांगायची आणि डोळे पुसेपर्यंत हसायची.

काकूंनी दार उघडलं, उर्वीकडे बघितलं आणि मला आत ओढलं.

“कधीपासून असं हाय हे?”

“तासभर झाला, यंत्र...”

“तासभर! आन् आता येऊन राह्यली? काय शरम वाटे का माह्या दारात याची? निजव इथं. ओ, ऐकलं का, माठातलं पाणी आणा, फडकी आणा!” हे आतल्या काकांना. मागून आई-बाबा आले तशा काकू त्यांच्यावर वळल्या. “डोंगरे सर, तुम्ही मास्तर माणूस. आदर्श घर म्हणे! भाजता का लेकराले त्या आदर्शात?”

बाबा खाली बघत राहिले.

खोली सव्वीस होती. आम्ही चौघं शिरल्यावर अठ्ठावीस झाली. मी उर्वीचे तळवे, काखा, मान पुसत होते. ती डोळे उघडत नव्हती. काकूंनी न बघता हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. यंत्राचा सूर लगेच चढला. पट्टीवर एक ओळ आली, आमच्याकडे कधी न दिसलेली : ‘आपल्या सोयीसाठी आज भार सोडणारी घरं : ९, ११. त्यांचे आभार माना.’

नऊ म्हणजे आम्ही.

“अकरा कोण?” मी विचारलं.

“कौतिकाआजी,” आई हळूच म्हणाली.

कौतिकाबाई इंगळे. आमच्या भिंतीला भिंत. शाळेत खिचडी शिजवायच्या. चुलीपुढे बावीस वर्षं काढलेली बाई, आता एकट्या. त्यांच्या तोंडून कधी गरम, गार, दुखतं, खुपतं असा शब्द कोणी ऐकला नव्हता. आमचं घर आज पूर्ण थांबलेलं, म्हणजे आता काकूंच्या बोटाखाली आजींचं घर होतं.

उर्वीनं ओठ हलवले. मी तिला छातीशी धरलं. नाही प्यायली.

“दाबू का अजून एक डाव?” काकू म्हणाल्या. “अजून लालच हाय पोट्टी.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दाबलं तर कोणाचं यंत्र थांबणार ते आम्हा तिघांना माहीत होतं. काकूंना नव्हतं; त्यांनी ती आभाराची ओळ कधी वाचलीच नव्हती.

“दाबा,” मी म्हणाले.

त्यांनी दाबलं. बाबा उठले. काकूंच्या बादलीत दुपट्टा बुचकळला, डोक्याला गुंडाळला आणि उन्हात गेले.

ते दहा मिनिटांनी आले ते कौतिकाआजींना दंडाला धरून. आजी उंबऱ्यातच बसल्या, आत यायला तयार नाहीत. “मले काई नाई झालं. डोंगरे सरनं उगीच उचलून आणलं.” ओठ फुटलेले, जीभ जड. काकूंनी पेला दिला तर तो हातातून निसटला. दुसरा त्यांनी आजींच्या तोंडाला लावला आणि मानेमागे हात धरला, मी उर्वीच्या धरला होता तसाच.

पावणेतीनला उर्वी प्यायली. आधी चोरट्यासारखी, मग जोर लावून. तिच्या कानशिलाजवळ घामाचा एक थेंब आला. मी तो पुसला नाही.

तीन दिवसांनी आमची सवलत मंजूर झाली. पट्टीच्या कोपऱ्यात पाळण्याचं चिन्ह उमटलं. आता आमचं यंत्र कधीच थांबणार नव्हतं. बाहेर पंचेचाळीस, आत सव्वीस. आई पाळण्यावर पांघरूण घालायला लागली.

पहिला दिवस मी नुसती झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता भिंतीपलीकडची घरघर मिटली, कौतिकाआजींची. पाऊण तास मिटलेलीच राहिली. बाबा त्यांना बोलवायला गेले. आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. “रोज रोज काय लोकायच्या घरी?” दाराआडून म्हणाल्या.

मी नियमपुस्तिका तिसऱ्यांदा वाचली. शेवटच्या पानांवर एक नियम होता, ज्याकडे आधी माझं लक्षच गेलं नव्हतं. एका डीपीवरच्या सगळ्या घरांचा सहनांक सारखा असेल, तर यंत्रांना निवडायला काही उरत नाही. मग ती ओळीनं पाळी लावतात. प्रत्येक ओळीला वीस मिनिटं, सगळ्यांना सारखी. पण सवलतीचं एक घर जरी असलं तरी आकडे सारखे राहत नाहीत, निवड पुन्हा सुरू होते. आमच्या डीपीवर ते घर आमचंच होतं.

मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी पान दोनदा वाचलं.

“म्हंजे सगळ्याइनं सात दिवस बटन दाबाचं. आन् आपण पाळणा काढाचा.”

“हो.”

“मंग पोट्टीचंही थांबन.”

“वीस मिनिटं. मी मोजलंय बाबा. त्या दिवशी पहिल्या वीस मिनिटांत खोली अठ्ठावीसची एकतीस झाली होती. काल मुद्दाम बंद करून पुन्हा मोजलं. तेवढीच. एकतीसला तिला काही होत नाही.”

“आन् एकविसाव्या मिन्टाले नाही सुरू झालं तर?”

आई पाळण्याची दोरी धरून बसली होती. ती म्हणाली, “माह्या नातीचा जीव कायले टांगणीले लावतं वं तू?”

“तिच्यासाठी त्या आजी रोज टांगलेल्या आहेत, आई. मीच ‘दाबा’ म्हणाले होते.”

आई उठून आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी बरोबर होते की नाही, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

घरोघर मात्र बाबा गेले. ज्यांनी आयुष्यात हॉटेलात थंड चहासुद्धा परत केला नाही, ते दारोदार जाऊन लोकांना तक्रार करायला शिकवत होते. “रोज बारा वाजता, तीन डाव दाबाचं. प्रॅक्टिकल समजा. दांडी मारू नका.” काही घरांत लोक लाजले. एकांनी विचारलं, “पण सर, खरंच तरास होत नसंल तर?” बाबा म्हणाले, “होते. तुम्ही ध्यान देऊन पाह्यलं नाही.”

गुल्हाने काकूंचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्यांचं यंत्र कधीच थांबत नव्हतं.

“म्हंजे आता माहंही थांबन?”

“वीस मिनिटं, काकू.”

“मंग मी तक्रार करीन.”

“करा ना.”

त्या माझ्याकडे रोखून बघत राहिल्या आणि मग खो-खो हसल्या.

कौतिकाआजींकडे मी स्वतः सात दिवस जात होते. त्या बटणापुढे उभ्या राहायच्या आणि हात पदरात लपवायच्या. “खोटं कायले बोलू बाप्पा त्या मशिनीशी?” मी त्यांचा अंगठा धरून दाबायचे. पाचव्या दिवसापासून त्या स्वतः दाबायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

त्या बोलण्यानंतर नवव्या दिवशी सकाळी मी पाळण्याचं चिन्ह काढून टाकलं. ‘आपण सवलत सोडत आहात. खात्री आहे?’ असं यंत्रानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी बोट टेकवलं.

त्या दिवशी शेहेचाळीस होतं. बारा पन्नासला आमच्या ओळीची पाळी आली. घरघर मिटली. पंखा दोनवर. मी उर्वीला मांडीवर घेतलं, ओला पंचा जवळ, डॉक्टरांचा नंबर उघडून ठेवलेला. आई शेजारी येऊन बसली. तिनं घड्याळ माझ्याकडून ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातात धरलं. आठ दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याजवळ इतकी टेकून बसली होती.

पाच मिनिटं. एकोणतीस. दहा मिनिटं. साडेएकोणतीस. उर्वी जागी होती, माझ्या बांगडीकडे बघत होती. चौदाव्या मिनिटाला मी तिच्या टाळूवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं. सपाट. ठीक. सपाट.

एक कळलं. ओळीतली सगळी यंत्रं एकदम गप्प झाली की भिंतीपलीकडचं ऐकू येतं. कुणाच्या तरी घरी भांडं पडलं. कोणी खोकलं. सात नंबरात शाळकरी मुलं भांडत होती.

“किती झाले वं, शलाका?” भिंतीतून कौतिकाआजींचा आवाज आला.

“सतरा!” आईनंच ओरडून सांगितलं.

मग भिंतीतून, मोठ्यानं, जरा अडखळत, कोणी पाठ केलेलं पहिल्यांदा म्हणून दाखवावं तसं :

“लय उकडून राह्यलं वं!”

सात नंबरात कोणी तरी हसलं. पाच नंबरातून हाक आली, “आमच्याइकडेही, आजी!”

बाबा खिडकीखाली उघड्या अंगानं बसले होते, दुपट्ट्यानं वारा घेत. अठरा मिनिटं झाली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, पण आवाज चढवला नाही.

“मलेही,” ते म्हणाले.